छावणीतून मैदानापर्यंत

आज एका अशा संघाची माहिती सांगणार आहे, ज्याला स्वतःचा देश नाही.

५ ऑगस्ट २०१६. ब्राझीलमधलं रिओ शहर. ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा सोहळा चालला होता. एकेक देश आपापला झेंडा घेऊन मैदानात येत होता. यजमान ब्राझीलचा संघ सगळ्यात शेवटी यायचा होता, आणि त्याच्या अगदी आधी दहा खेळाडू चालत आले. सहा पुरुष, चार बायका. त्यांच्यापुढे कुठल्याच देशाचा झेंडा नव्हता, पाच कड्यांचा ऑलिंपिकचा पांढरा झेंडा होता. तो धरून पुढे चालणारी मुलगी होती रोझ नाथिके लोकोन्येन. थोड्याच काळापूर्वी ती केनियातल्या एका निर्वासित छावणीत अनवाणी पळत होती.

निर्वासित हा शब्द आपण सैल वापरतो, म्हणून आधी तो नीट समजून घेऊ. घर सोडून जाणारी माणसं आपल्याला नवी नाहीत. ऊसतोडीची टोळी दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जाते, पट्टा पडला की परत येते. तिचं रेशनकार्ड गावात असतं, मतदान गावात असतं. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली, ती माणसं धरणग्रस्त झाली. त्यांचे हाल झाले, पिढ्यान् पिढ्या मोबदल्यासाठी भांडावं लागलं. पण भांडायला सरकार होतं, कचेरी होती, अर्ज घ्यायला कुणीतरी बसलेलं होतं. निर्वासित माणसाच्या पाठीमागून हेच निघून जातं. लढाईमुळे किंवा छळामुळे, जिवाच्या भीतीनं तो देशाची हद्द ओलांडतो, आणि परत गेला तर जिवाला धोका असतो. ज्या सरकारनं त्याला सांभाळायचं, त्याच सरकारपासून कित्येकदा तो पळालेला असतो.

आपल्या जुन्या माणसांना हा शब्द १९४७ सालापासून ओळखीचा आहे. फाळणीत सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं होतं, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. आणि मिल्खा सिंग? त्यांच्यावरचा सिनेमा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. आई-वडील मारले गेले, पोरगा पाकिस्तानातून दिल्लीला आला, निर्वासितांच्या छावणीत राहिला, पुढे सैन्यात गेला आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरला चौथा आला. पण मिल्खा सिंगांना भारताचं नागरिकत्व होतं. ते पळाले ते तिरंग्यासाठी. आज मी ज्यांच्याबद्दल बोलते आहे, त्यांची अडचण इथूनच सुरू होते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेनं २०२४ च्या अखेरचा आकडा दिला आहे. जगभरात जबरदस्तीनं घर सोडावं लागलेली माणसं १२ कोटींच्या वर. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, त्यावरून अंदाज करा. यातले बरेच जण आपापल्या देशातच इकडून तिकडे गेलेले आहेत, पण चार कोटींहून जास्त लोक देशाबाहेर निर्वासित आहेत. एवढ्या माणसांत पळणारी, पोहणारी, कुस्ती खेळणारी पोरं नसतील असं कसं होईल?

मग ती ऑलिंपिकला का जात नव्हती? एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा गटातल्या एका ताईंनी विचारलं, "वेगात पळत असेल तर नाव का घेत नाहीत?" त्यांना मी बँकेचं उदाहरण दिलं. गटाचं खातं काढायचं तर एकटी बाई जाऊन चालत नाही. गटाचा ठराव लागतो, सह्या लागतात. ऑलिंपिकलाही खेळाडू एकटा जात नाही. प्रत्येक देशाची एक ऑलिंपिक समिती असते आणि तीच नावं पाठवते. ज्याला देशच नाही त्याचं नाव पाठवणार कोण? ज्या देशात आसरा घेतला तो पाठवणार नाही, कारण हा त्यांचा नागरिक नाही. जो देश सोडला त्याच्याकडून जायचं तर प्रश्नच मिटला. म्हणजे पाय कितीही वेगात असले तरी नाव लिहायला कागदच नव्हता. २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं ठरवलं की या खेळाडूंची नावं आम्ही पाठवू. त्यासाठी ४३ खेळाडू हेरले आणि त्यातून दहा निवडले. असा हा संघ उभा राहिला.

आता रोझच्या छावणीकडे जाऊ. केनियाच्या वायव्येला तुर्काना नावाचा भाग आहे. ऊन, धूळ, काटेरी झुडपं, पाण्याची टंचाई. तिथे काकुमा नावाची छावणी आहे. १९९२ साली ती सुरू झाली, आणि आज दोन लाखांहून जास्त माणसं तिथे राहतात. छावणी म्हटलं की डोळ्यांपुढे चार दिवसांचे तंबू येतात. काकुमा तसं नाही. तिथे जन्मलेल्या मुलींना आता स्वतःची मुलं आहेत. शाळा आहेत, दुकानं आहेत. पण खाणं मुख्यतः मदतीच्या रेशनवर. धान्य, डाळ, तेल. गेल्या काही वर्षांत पैसा कमी पडला म्हणून ते रेशनही पुन्हा पुन्हा कापलं गेलं. छावणीबाहेर कुठे जायचं तर परवाना लागतो.

रोझचं कुटुंब २००२ साली लढाईतून जीव वाचवून इथे आलं. तेव्हा सुदान हा एकच देश होता, दक्षिण सुदान २०११ मध्ये वेगळा झाला. २००८ साली आई-वडील गावी परत गेले, धाकटी भावंडं मात्र छावणीतच राहिली, रोझच्या भरवशावर. थोरल्या बहिणीवर काय पडतं ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पाणी, सरपण, चूल, धाकट्यांचे डोळे पुसणं. या सगळ्यातून वेळ काढून ती शाळेत जात होती. तिथल्या एका शिक्षकानं सांगितलं म्हणून ती दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरली. कसला सराव नाही, पायात बूट नाहीत. दुसरी आली.

ही चाचणी ज्यांच्यामुळे झाली त्या बाईंचं नाव लक्षात ठेवा, टेगला लोरूप. केनियाच्या मोठ्या धावपटू. वडिलांच्या अनेक बायका, घरात २४ भावंडं. लहानपणी शाळा दहा किलोमीटरवर होती, तिथे त्या अनवाणी पळत जायच्या. मुलीच्या जातीनं पळणं वडिलांना पसंत नव्हतं. क्रीडा संघटनेलाही ही पोरगी फार बारकी वाटली. १९९४ साली याच बारक्या पोरीनं न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली, आणि ती जिंकणारी ती पहिली आफ्रिकी बाई ठरली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटरांहून जास्त पळणं. पुढे मॅरेथॉनचा जागतिक विक्रमही त्यांच्या नावावर झाला. त्यांच्या भागात गुरांवरून जमातीजमातींत खून पडायचे. भांडणाऱ्या जमातींच्या पोरांना एकत्र पळवायला म्हणून टेगलाबाईंनी शांततेच्या शर्यती सुरू केल्या आणि २००३ साली एक संस्था काढली. त्याच संस्थेनं नैरोबीजवळ न्गाँग इथे निर्वासित धावपटूंसाठी सरावाचं केंद्र चालवलं. काकुमाच्या चाचण्यांतून निवडलेल्या पोरापोरींना तिथे नेलं. रिओच्या दहा जणांपैकी पाच धावपटू याच केंद्रातले.

न्गाँगच का? ते उंचावर आहे, सुमारे १९५० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे त्याच्याही वर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो. काही आठवडे तिथे राहून पळलं की शरीर आपोआप रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं. आशाताई हिमोग्लोबिन तपासतात ना, तेच. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात-आठ आहे तिला घागर घेऊन चढ चढताना धाप लागते. त्याच्या उलटं म्हणजे काय, ते या धावपटूंत दिसतं. रक्त प्राणवायू जास्त वाहून नेतं, म्हणून पाय उशिरा थकतात. पण तांबड्या पेशी बनायला लोह लागतं, प्रथिनं लागतात. रेशनच्या धान्यावर वाढलेल्या शरीराला आधी पोटभर आणि चौरस खाऊ घालावं लागतं, मग सराव. बुटांचंही तसंच. जन्मभर अनवाणी चाललेल्या पायाला बूट घालून पळायची सवय व्हायला वेळ जातो, आणि मापाचा बूट नसेल तर दुखापत ठरलेली. जगातल्या बाकीच्या धावपटू दहा-बारा वर्षांच्या असल्यापासून हे सगळं मिळवत मोठ्या होतात. या मुलींना ते विशीत आल्यावर मिळालं, तेही काही महिने.

रिओत रोझ ८०० मीटर पळाली. मैदानाच्या दोन फेऱ्या. वेळ लागली २ मिनिटं १६ सेकंद. त्या वर्षी सुवर्णपदकाची वेळ होती १ मिनिट ५५ सेकंद. म्हणजे पहिल्याच फेरीत ती बाहेर पडली. पुढे टोकियोलाही ती हीच शर्यत पळाली आणि रिओपेक्षा लवकर पोचली. पदक नाहीच.

"जिद्द असली की सगळं होतं" असं आपल्या भाषणांत फार बोललं जातं. बचत गटांच्या मेळाव्यात तर प्रत्येक पाहुणा हेच सांगून जातो. मला ते पटत नाही. काकुमात जिद्द असलेल्या मुली हजारो असतील. रोझच्या वाट्याला एक शिक्षक आला, एक टेगलाबाई आल्या, बूट आले, प्रवासाचा परवाना आला, दोन वेळचं नीट जेवण आलं. जिद्द होतीच, तिच्यापाशी आधीपासून होती. नव्हतं ते बाकीचं. म्हणून २ मिनिटं १६ सेकंदांकडे मी हार म्हणून बघू शकत नाही. त्या वेळेत छावणीची किती वर्षं मिसळलेली आहेत ते घड्याळाला कळत नाही.

त्याच संघात योलांद माबिका नावाची ज्युडो खेळणारी काँगो देशाची बाई होती. ज्युडो म्हणजे जपानी कुस्तीच म्हणा. लहानपणी लढाईत तिची आई-वडिलांपासून ताटातूट झाली, आणि राजधानीत अशा मुलांसाठी असलेल्या केंद्रात ती ज्युडो शिकली. २०१३ साली ती जागतिक स्पर्धेसाठी रिओला आली. तिथे काय झालं ते तिनं आणि तिचा जोडीदार खेळाडू पोपोल मिसेंगा यानं नंतर सांगितलं आहे. संघाबरोबर आलेल्या माणसांनी त्यांचे पासपोर्ट आणि जेवणाचे पैसे स्वतःकडे ठेवले आणि त्यांना हॉटेलात उपाशी सोडून दिलं. दोघं तिथून बाहेर पडले, भाषा येत नसलेल्या शहरात भटकले आणि ब्राझीलमध्येच आसरा मागितला. तीन वर्षांनी त्याच शहरात ते ऑलिंपिकच्या गादीवर उतरले.

सीरियाच्या युसरा मार्दिनीची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी मोबाइलवर पाहिली असेल, तिच्यावर २०२२ मध्ये सिनेमाही आला. सहा-सात जणांच्या रबरी बोटीत वीसेक माणसं, भर समुद्रात इंजिन बंद, आणि युसरा व तिची बहीण पाण्यात उतरून तीन तासांहून जास्त बोट सावरत राहिल्या. मोठं धाडस आहे, वादच नाही. पण मला त्यापुढचा भाग जास्त कामाचा वाटतो. जर्मनीत पोचल्यावर ती बर्लिनच्या निर्वासित केंद्रात राहत होती, तेव्हा तिनं जवळ पोहायचा तलाव कुठे आहे याची चौकशी केली. तिथल्या एका दुभाष्यानं पोहणाऱ्यांच्या मंडळाशी गाठ घालून दिली आणि मंडळानं दोघी बहिणींना पाण्यात उतरवून बघितलं. विचारलं म्हणून कळलं, आणि सांगणारा भेटला म्हणून जमलं. त्यानंतर वर्षाच्या आत ती रिओला होती, वय १८.

कागदाचा प्रश्न किती चिवट असतो ते सिंडी एन्गाम्बाकडे बघून कळतं. आपल्यात आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर बाईला किती खेटे घालावे लागतात. सिंडी अकरा वर्षांची असताना आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधून इंग्लंडला आली. तिथेच शिकली, कॉलेजची पदवी घेतली, पंधराव्या वर्षापासून मुलांच्या आखाड्यात मुष्टियुद्ध शिकली. तीन वेगवेगळ्या वजनगटांत इंग्लंडचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. पण राहण्याचे कागद पक्के नव्हते. वीस वर्षांची असताना नेहमीप्रमाणे हजेरीची सही करायला ती सरकारी कचेरीत गेली, तर तिला बेड्या घालून स्थानबद्धता केंद्रात नेलं. कॅमेरूनला परत पाठवलं असतं तर? सिंडीचं प्रेम बाईवर आहे, आणि तिच्या देशात तो गुन्हा आहे, तुरुंगवास होतो. आपल्या गावांत यावर कुजबुजच होते, म्हणून मी सरळ सांगितलं. याच कारणावरून पुढे तिला निर्वासित म्हणून संरक्षण मिळालं.

तरीही इंग्लंडच्या संघाबरोबर ती रोज सराव करायची आणि त्यांच्याकडून ऑलिंपिक खेळू शकत नव्हती, कारण पासपोर्ट नव्हता. ती निर्वासित संघातून उतरली, तीही कुणाच्या शिफारशीवर नाही. निवड स्पर्धेत लढून तिनं जागा मिळवली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला निर्वासित संघात ३७ खेळाडू होते, आणि झेंडा धरणाऱ्या दोघांत एक सिंडी होती. ७५ किलो वजनगटात ती उपांत्य फेरीपर्यंत पोचली. तिथे हरली, पण मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्यपदक मिळतं. निर्वासित संघाचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं पदक, आठ वर्षांनी आलेलं.

त्या ३७ जणांच्या संघाची प्रमुख एक बाई होती, मासूमा अली झादा. अफगाणिस्तानातल्या हजारा समाजाची. काबूलमध्ये मुली सायकल चालवतात म्हणून रस्त्यावरचे लोक तिच्यावर आणि तिच्या मैत्रिणींवर दगड मारायचे. पुण्यात सावित्रीबाईंनी शेणगोळे झेलले ते मुली शिकाव्यात म्हणून. पावणेदोनशे वर्षांनंतरही कारण फारसं बदललेलं नाही. मासूमाच्या कुटुंबाला फ्रान्सनं आसरा दिला, तिथे ती बांधकामाची इंजिनीअरिंग शिकली आणि टोकियो ऑलिंपिकला निर्वासित संघातून सायकल शर्यतीत उतरली. २५ जणींत शेवटची आली. तीन वर्षांनी तीच संघाची प्रमुख झाली. खेळाडूंना काय लागतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

हा संघ चालवणाऱ्यांचेही नियम आहेत, आणि ते कधी कधी बोचतात. पॅरिसलाच मनीझा तलाश ही काबूलची मुलगी ब्रेकिंग या नाचाच्या स्पर्धेत उतरली होती. अफगाण बायकांना मुक्त करा, अशा अर्थाचे शब्द लिहिलेलं निळं कापड तिनं नाचताना उलगडून दाखवलं. मैदानावर राजकीय घोषणा चालत नाहीत, म्हणून तिला अपात्र ठरवलं. नियम सगळ्यांना सारखा, हे खरं. पण ज्या मुलीला राजकारणामुळेच देश सोडावा लागला, तिनं राजकारण सोडून दुसरं काय बोलावं, असा प्रश्न मला पडला. यावर तुम्हाला काय वाटतं ते गटात जरूर बोला.

अफगाणिस्तानचीच झकिया खुदादादी. तिचा एक हात जन्मापासून अधू आहे. हेरात शहरात, अकराव्या वर्षी, ती लपूनछपून तायक्वांदो शिकायला लागली. कराट्यासारखा खेळ आहे, लाथांचा भर जास्त. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबाननं काबूल घेतलं तेव्हा टोकियोची दिव्यांगांची पॅरालिंपिक स्पर्धा काही दिवसांवर आली होती आणि झकिया काबूलमध्ये अडकली होती. मला इथून काढा, असा व्हिडिओ तिनं पाठवला. तिला विमानानं बाहेर काढलं आणि ती टोकियोला खेळलीसुद्धा. त्यानंतर घरी जायची वाट बंद झाली. ती फ्रान्समध्ये राहून सराव करू लागली. २९ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४७ किलो गटात तिनं कांस्यपदक जिंकलं. पॅरालिंपिकच्या निर्वासित संघाचं तेही पहिलंच पदक. निर्वासितांच्या दोन्ही संघांची पहिली पदकं अशी महिनाभराच्या आत आली, आणि दोन्ही बायकांनी आणली.

ज्या हेरातमध्ये झकिया लपून शिकली, तिथे आज मुलींना सहावीच्या पुढे शाळेत बसता येत नाही. बायकांना व्यायामशाळेत जायलाही २०२२ पासून बंदी आहे.